क्वांडरबाईंचें पुनरागमन : एका भगिनीमंडळाच्या नांवाचा वाद (इ. स. १९१२-१३)

(१) उपोद्घात

संस्थांचा इतिहास लिहिणारे लेखक संस्थापकांविषयीं पुष्कळ लिहितात. परंतु संस्थापक निघून गेल्यावर जो पहिला पेंच पडतो, त्याविषयीं ते बहुधा मौन धारण करितात. वस्तुतः संस्थेचा खरा जन्म त्या पेंचांतूनच होत असतो. संस्थापक एकत्र आहेत तोंपर्यंत संस्था म्हणजे त्यांचा परस्परस्नेह. ते पांगले, त्यांच्या जागीं नवीं माणसें आलीं आणि त्या नव्या माणसांस जुनें नांव जाचूं लागलें, म्हणजे मग संस्था ही कोणाची वस्तु आहे हा प्रश्न उभा राहतो. आज जे आंत आहेत त्यांची, कीं जे एकदां आंत होते त्यांचीहि?

या प्रश्नाचें एक सुबोध उदाहरण अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरांत, हॉवर्ड विद्यापीठांत, इ. स. १९१२-१३ च्या हिवाळ्यांत घडलें. तें आमच्या वाचकांस बहुधा अपरिचित असेल. स्थळ दूरचें आहे व मंडळ मुलींचें आहे, म्हणून विषय क्षुल्लक मानण्याचें कारण नाहीं. ज्या लोकांच्या दास्यमोचनाबद्दल जोतीराव फुले यांनीं इ. स. १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केली, त्याच लोकांच्या कन्यांची ही हकीकत आहे. ‘गुलामगिरी’ निघण्यापूर्वीं अवघीं सहा वर्षें, म्हणजे इ. स. १८६७ च्या मार्च महिन्यांत, अमेरिकेच्या काँग्रेसनें या विद्यापीठास सनद दिली होती व जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांचें नांव त्यास मिळालें होतें. तेव्हां या विषयाशीं आपला संबंध अगदींच नाहीं असें नाहीं.

(२) शब्दविचार

अमेरिकेंतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचीं गुप्त विधि व खुणा असलेलीं मंडळें असतात. त्यांचीं नांवें ग्रीक अक्षरांचीं असतात. या परंपरेचा आरंभ इ. स. १७७६ सालीं व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी कॉलेजांत निघालेल्या ‘फाय बीटा कॅपा’ मंडळापासून धरतात. पुरुषांच्या मंडळास ‘फ्रॅटर्निटी’ व स्त्रियांच्या मंडळास ‘सोरॉरिटी’ म्हणतात. हा दुसरा शब्द सिरॅक्यूज येथील ‘गॅमा फाय बीटा’ या मंडळासाठीं एका लॅटिनच्या अध्यापकानें सुचविला अशी परंपरा आहे. लॅटिन ‘फ्रातेर’ म्हणजे आपला भ्रातृ, व ‘सोरोर’ म्हणजे आपला स्वसृ. एकाच मूळ भाषेचे हे दोन सगोत्र शब्द आहेत हें व्युत्पत्तिज्ञांस सांगावयास नकोच. म्हणून या लेखांत ‘भगिनीमंडळ’ हा शब्द योजिला आहे.

या मंडळांच्या निरनिराळ्या विद्यालयांतील शाखांस जें नांव आहे त्याचा मूळ अर्थ ग्रंथाचा अध्याय असा आहे. आमच्याकडे याहून नेमका शब्द पूर्वींच होता. वैदिक अध्ययनाच्या परंपरेस ‘चरण’ म्हणत. एका चरणांत शिकणारे ते ‘सब्रह्मचारी’ व एका गुरूपाशीं राहणारे ते ‘सतीर्थ्य’. पाणिनीनें या दोन्ही शब्दांची व्यवस्था लाविली आहे. इतकेंच नव्हे तर ‘कठी’, ‘बह्वृची’ अशीं चरणांतील स्त्रियांचीं नांवेंहि व्याकरणग्रंथांत सांपडतात, व ‘छात्रिशाला’ हा शब्दहि आढळतो. सारांश, अध्ययनामुळें जुळलेलें नातें हें रक्ताच्या नात्यासारखेंच आजन्म टिकणारें आहे ही कल्पना आपणांस परकी नाहीं. समावर्तन झालें तरी सतीर्थ्य हा सतीर्थ्यच राहतो. अमेरिकन भगिनीमंडळांचीहि समजूत हीच आहे. पदवी घेतली म्हणून सदस्यत्व संपत नाहीं. पुढील वादाचें बीज याच समजुतींत आहे.

(३) मंडळाची स्थापना

सेंट लुई शहरांतून आलेली एथेल हेजमन ही मुलगी हॉवर्ड विद्यापीठांत शिकत होती. तिच्या एका शिक्षिकेचें शिक्षण ब्राउन विद्यापीठांत झालें होतें व तेथील भगिनीमंडळांच्या गोष्टी तिनें एथेलला सांगितल्या होत्या. आपल्या विद्यापीठांतहि असें कांहीं असावें असें तिच्या मनानें घेतलें. ता. १५ जानेवारी १९०८ रोजीं मायनर हॉल या मुलींच्या वसतिगृहांत नऊ विद्यार्थिनींनीं मिळून ‘अल्फा कॅपा अल्फा’ हें मंडळ स्थापन केलें. कृष्णवर्णी महाविद्यालयीन स्त्रियांचें ग्रीक अक्षरांच्या नांवाचें हें पहिलें मंडळ होय. ल्यूसी स्लो ही पहिली अध्यक्षा झाली. थोड्याच दिवसांत खालच्या वर्गांतील आणखी सात मुलींस संस्थापकांतच सामील करून घेण्यांत आलें, हेतु हा कीं वरच्या वर्गांतील मुली पदवी घेऊन गेल्या तरी मंडळ ओस पडूं नये. म्हणजे उद्यांची चिंता पहिल्या दिवसापासून होती. फिकट गुलाबी व कोंवळा हिरवा हे रंग, आयव्हीच्या वेलीचें पान ही खूण, ग्रीक बोधवाक्य, सर्व कांहीं ठरलें.

एक गोष्ट मात्र राहिली. मंडळाची कायद्यानें नोंदणी झाली नाहीं. हॉवर्डच्या बाहेर शाखा काढण्याचा अधिकार कोणाकडे, मंडळाचें नांव कोणाच्या मालकीचें, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. ज्या घरास खरेदीखत नाहीं त्या घरांत भाऊ भाऊ एकोप्यानें राहतात तोंवर कांहीं अडत नाहीं, वाटणीचा दिवस येतो तेव्हांच अडतें. येथेंहि तसेंच झालें.

(४) पेंच

इ. स. १९१० सालीं या मंडळांत नेली मे क्वांडर या बाईंचा प्रवेश झाला. यांचा जन्म ता. ११ फेब्रुवारी १८८० रोजीं वॉशिंग्टन येथें झाला. मेरिलंड-व्हर्जिनिया भागांतील जुन्या कागदपत्रांत ज्या थोड्या कृष्णवर्णी घराण्यांची नोंद सांपडते, त्यांपैकीं क्वांडर हें एक घराणें आहे. मायनर नॉर्मल स्कूलमध्यें शिक्षण घेऊन या बाई शिक्षिका झाल्या व शाळेंत शिकवीत असतांनाच विद्यापीठाचा अभ्यास करूं लागल्या. इतर मुलींहून त्या वयानें बऱ्याच मोठ्या होत्या. त्यांनीं मंडळाचें अध्यक्षपद भूषविलें, व इ. स. १९१२ सालीं इतिहास, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन उच्च श्रेणींत पदवी मिळविली.

त्याच वर्षाच्या शरदृतूंत मंडळांतील बावीस विद्यार्थिनींनीं एक मोठा ठराव मनांत आणिला. मायरा डेव्हिस ही त्यांची अध्यक्षा होती. मंडळाचें नांव बदलावें, रंग बदलावे, बोधवाक्य व खूण बदलावी, घटनाहि नवी करावी, असें त्यांचें म्हणणें होतें. यास केवळ पोरखेळ म्हणतां येणार नाहीं. मंडळ हें चहापानापुरतें व आपसांतील मैत्रीपुरतें राहूं नये, तें देशव्यापी व्हावें, सार्वजनिक कार्यांत व राजकारणांत त्यानें उतरावें, अशी त्यांची इच्छा होती. शिवाय अस्तित्वांत असलेलें नांव पुरुषांच्या ‘अल्फा फाय अल्फा’ मंडळाच्या नांवावरून बेतलेलें आहे, त्यांत स्वतंत्र अर्थ नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. हे आक्षेप विचारी मनुष्यास वजनदार वाटतील असेच आहेत.

ही वार्ता क्वांडरबाईंच्या कानीं आली. त्या शहरांतच शिक्षिका होत्या. त्या परत आल्या आणि मुलींपुढें उभ्या राहिल्या. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मंडळ हें केवळ आज वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींचें नाहीं. ज्यांनीं शपथ घेतली त्या सर्वांचें आहे. पदवी घेऊन गांवोगांवच्या शाळांत शिकविणाऱ्या भगिनींस न विचारतां नांव पुसून टाकण्याचा अधिकार कोणास नाहीं. जुन्या नांवांत राहावयाचें कीं नाहीं तें ठरविण्यासाठीं त्यांनीं मुलींस मुदत घालून दिली व इकडे दूरदूरच्या जुन्या सदस्यांशीं संधान बांधलें.

मुलींनीं माघार घेतली नाहीं. ता. १३ जानेवारी १९१३ रोजीं त्या बावीसजणींनीं ‘डेल्टा सिग्मा थीटा’ हें स्वतंत्र मंडळ स्थापन केलें. त्यानंतर सोळाच दिवसांनीं, ता. २९ जानेवारी १९१३ रोजीं, क्वांडरबाई, संस्थापकांपैकीं नॉर्मा बॉइड व मिनी स्मिथ यांच्या सह्यांनीं ‘अल्फा कॅपा अल्फा’ची कोलंबिया जिल्ह्याच्या कायद्यानें नोंदणी झाली. मंडळ चिरस्थायी झालें व इतरत्र शाखा काढण्याचा अधिकार त्यास मिळाला. क्वांडरबाई त्याच्या पहिल्या सर्वाध्यक्षा झाल्या व इ. स. १९१९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. या पदाचें नांव ‘सुप्रीम बासिलेउस’. ग्रीक भाषेंत ‘बासिलेउस’ म्हणजे राजा. स्त्रीलिंगी रूप उपलब्ध असतां या मुलींनीं पुल्लिंगीच पसंत केलें याची नोंद करून पुढें जाऊं.

(५) कागदांचा विचार

या प्रकरणाची हकीकत दोन परंपरांनीं आली आहे. ‘अल्फा कॅपा अल्फा’चा इतिहास मार्जोरी पार्कर यांनीं लिहिला, ‘डेल्टा सिग्मा थीटा’चा पॉला गिडिंग्ज यांनीं इ. स. १९८८ सालीं प्रसिद्ध केला. एका पक्षाच्या परंपरेंत क्वांडरबाई या तारणहार आहेत. दुसऱ्या पक्षाच्या परंपरेंत पुढें जाऊं पाहणाऱ्या तरुण मुली व त्यांस अडविणारी वडीलधारी बाई असें चित्र उमटतें. आपल्याकडे एकाच लढाईच्या दोन बखरी वाचणारास हा अनुभव नवा नाहीं. अशा वेळीं उपाय एकच : दोन्ही बखरी बाजूस ठेवून समकालीन कागद पाहणें.

असा एक कागद उपलब्ध आहे. ता. ३ मार्च १९१३ रोजीं, म्हणजे अध्यक्ष विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशीं, स्त्रियांस मताधिकार मिळावा म्हणून वॉशिंग्टनमध्यें मोठी मिरवणूक निघाली. तिची व्यवस्था ॲलिस पॉल या बाईंकडे होती. कृष्णवर्णी स्त्रियांस मिरवणुकींत घ्यावें कीं नाहीं, घेतल्यास कोठें चालवावें, याविषयीं व्यवस्थापकांत चलबिचल होती. ता. १७ फेब्रुवारी १९१३ रोजीं क्वांडरबाईंनीं ॲलिस पॉल यांस पत्र लिहिलें. हॉवर्डच्या कांहीं महाविद्यालयीन स्त्रियांस मिरवणुकींत यावयाचें आहे. वर्णावरून भेदभाव होणार असेल तर आम्ही येऊं इच्छीत नाहीं. महाविद्यालयीन स्त्रियांच्या विभागांत आम्हांस योग्य जागा द्याल काय? असा त्याचा आशय आहे. पत्र लहान आहे, भाषा शिष्ट आहे, पण त्यांत याचना नाहीं.

आतां या पत्राची तारीख पाहावी. नोंदणीस अवघे एकोणीस दिवस झाले आहेत. ज्या बाई नवीन मुलींच्या राजकीय आकांक्षेच्या आड आल्या असें म्हणतात, त्याच बाई आपल्या मंडळाच्या नांवानें मताधिकाराच्या मिरवणुकींत मानाची जागा मागत आहेत. आणि त्याच मिरवणुकींत भाग घेणें ही ‘डेल्टा सिग्मा थीटा’च्या मुलींची पहिली सार्वजनिक कृति होय, असें ते मंडळ अभिमानानें सांगतें. तेव्हां एक पक्ष प्रागतिक व दुसरा सनातनी ही विभागणी या कागदापुढें टिकत नाहीं. साध्य दोघींचें एक होतें. मतभेद होता तो साधनाविषयीं. जुन्या घरास नवा मजला चढवावा, कीं नवें घरच बांधावें, एवढाच.

आणखी एक गोष्ट लक्ष्यांत घेण्याजोगी आहे. मंडळ देशव्यापी व्हावें ही मागणी मूळ मुलींची. क्वांडरबाईंनीं नोंदणी करून नेमकें तेंच साधलें. इ. स. १९१३ सालींच शिकागो येथें व १९१४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत शाखा निघाल्या. म्हणजे बंडखोर मुलींचा ठराव त्यांनीं नाकारला, परंतु त्यामागील गाऱ्हाणें मान्य केलें. वाद झालाच नसता तर ही नोंदणी त्या वर्षीं झाली असती काय? मला शंका आहे. ज्या मुली सोडून गेल्या त्यांनींहि जुन्या मंडळावर उपकारच केले असें म्हणावें लागतें.

(६) दुसरें पुनरागमन

परत येण्याची आणखी एक तऱ्हा याच मंडळाच्या इतिहासांत आहे. पहिली अध्यक्षा ल्यूसी स्लो ही इ. स. १९०८ सालीं आपल्या वर्गांत पहिली येऊन पदवीधर झाली. पुढें कोलंबिया विद्यापीठाची एम्. ए. पदवी तिनें १९१५ सालीं घेतली. १९१७ सालीं कृष्णवर्णी खेळाडूंच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेंत ती विजयी झाली. नंतर वॉशिंग्टनमधील एका शाळेची ती मुख्याध्यापिका झाली. इ. स. १९२२ सालीं हॉवर्ड विद्यापीठानें तिला स्त्रियांची डीन म्हणून बोलाविलें. त्या विद्यापीठांत त्या पदावर आलेली ती पहिली कृष्णवर्णी स्त्री.

स्लोबाईंचें पुनरागमन एका मंडळापुरतें नव्हतें. विद्यापीठांतील सर्वच मुलींसाठीं होतें. डीन म्हणजे वसतिगृहाची राखणदार नव्हे, ती शिक्षणतज्ज्ञ असली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मुलींस स्वतःचा कारभार स्वतः पाहूं द्यावा, त्यांस शिक्षकीशिवाय दुसऱ्या व्यवसायांचीं दारें दाखवावींत, यासाठीं त्या झगडल्या. इ. स. १९३१ सालीं विद्यापीठाच्या आवारांत मुलींसाठीं नवीं वसतिगृहें झालीं, त्यांत त्यांच्या आग्रहाचा मोठा वांटा होता. याबद्दल त्यांस वरिष्ठांचा रोष पुष्कळ सोसावा लागला. ता. २१ ऑक्टोबर १९३७ रोजीं, पदावर असतांनाच, त्यांचा अंत झाला. क्वांडरबाईंनीं नांव राखलें. स्लोबाईंनीं जागा निर्माण केली. पहिलीस तरुणांच्या विरुद्ध उभें राहावें लागलें, दुसरीस तरुणांच्या बाजूनें. दोघींच्या कर्तव्याचें मूळ मात्र एकच, कीं आपण जेथें वाढलों तेथील ऋण फेडावयाचें आहे. लॅटिन भाषेंत माजी विद्यार्थिनीस जो शब्द आहे त्याचा धात्वर्थहि ‘पोसलेली’ असाच आहे.

(७) उपसंहार

या विषयाकडे माझें लक्ष्य कां गेलें तें सांगितल्यावांचून लेख पुरा होत नाहीं. मी ज्या शाळेंत शिकलों तेथें विद्यार्थ्यांचें एक वक्तृत्वमंडळ होतें. शिक्षकी पत्करून बरींच वर्षें लोटल्यावर तेथील मुलांनीं मला मार्गदर्शनास बोलाविलें. मंडळाचें संस्कृत नांव अवघड आहे, तें बदलावें व वादविवादाबरोबर नाटकेंहि करावीं, असें त्यांच्या मनांत होतें. नांव आम्हीं ठेविलें होतें. मी त्यास हात लावूं दिला नाहीं. नाटकांची गोष्ट तर मीं ऐकूनहि घेतली नाहीं. मुलें विनयशील होतीं. त्यांनीं वाद घातला नाहीं, नवें मंडळहि काढलें नाहीं. पुढच्या वर्षीं सभेस कोणी आलें नाहीं, व त्याच्या पुढच्या वर्षीं सभाच भरली नाहीं. नांव अबाधित राहिलें. त्या नांवाची पाटी अद्यापि एका कपाटाच्या मागें असेल.

क्वांडरबाईंनीं जें केलें तें व मीं जें केलें तें वरवर पाहतां एकच. दोघांनींहि नांव बदलूं दिलें नाहीं. अंतर एवढेंच कीं, त्यांनीं नांव राखून त्याखालीं काम वाढविलें. मीं नांव राखलें व काम बुडविलें. शिवाय त्यांच्यापुढील मुलींस विरोध करण्याचें धैर्य होतें, तें माझ्या विद्यार्थ्यांस मीं कधीं शिकविलेंच नव्हतें.

आतां या इतिहासाचा शेवट सांगून लेखणी आवरतों. बावीसजणींचें मंडळ बुडालें नाहीं. जुनेंहि बुडालें नाहीं. ‘अल्फा कॅपा अल्फा’ची पहिली सर्वसाधारण परिषद इ. स. १९१८ सालीं हॉवर्ड येथेंच भरली. याच मंडळाच्या डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या पुढारीपणाखालीं इ. स. १९३५ पासून कांहीं वर्षें उन्हाळ्याच्या सुटींत मिसिसिपींतील दरिद्री शेतमजुरांसाठीं दवाखाने चालविण्यांत आले. नॉर्मा बॉइड यांनीं इ. स. १९३८ सालीं कायदेमंडळावर लक्ष्य ठेवणारी एक समिति काढली. म्हणजे बावीसजणींनीं जें सार्वजनिक व राजकीय काम मागितलें होतें, तेंच जुन्या नांवाखालीं उभें राहिलें. इ. स. १९३० च्या मे महिन्यांत हॉवर्ड येथें अशा मंडळांची एक संयुक्त परिषद स्थापन झाली. तींत ‘अल्फा कॅपा अल्फा’ व ‘डेल्टा सिग्मा थीटा’ या दोन्ही संस्था आरंभापासून शेजारीं शेजारीं बसल्या. ताटातूट झाल्यास तेव्हां सतरा वर्षें झालीं होतीं. क्वांडरबाईंनीं पुढें इ. स. १९३६ सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, कोलंबिया विद्यापीठाची एम्. ए. पदवी घेतली. इ. स. १९६१ सालीं त्या वारल्या. आज त्या मंडळाच्या प्रत्येक महाविद्यालयीन शाखेस एक पदवीधर सल्लागार भगिनी नेमून देतात. इ. स. १९१२ सालीं जें काम एका बाईंनीं कोणी न बोलावतां अंगावर घेतलें, त्याचीच ही नेमणूक झाली आहे.

प्रारंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर या प्रकरणांतून मला दिसतें तें असें : संस्था आजच्यांचीहि आहे व कालच्यांचीहि आहे, परंतु कालच्यांनीं परत येतांना केवळ आपला हक्क घेऊन येऊं नये, आजच्यांचें गाऱ्हाणें ऐकण्याची तयारीहि बरोबर आणावी. विद्वान् वाचकांनीं या निष्कर्षांत कांहीं न्यून आढळल्यास तें अवश्य दाखवावें.